सदतीस सामने, तीन गोल

बाळा, अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. परदेशातून बोलावणं आलंय हे वाचलं आणि मी खुर्चीतून उठून आधी घरात सगळ्यांना सांगून आलो, मग बसून पुढचं वाचलं. पुढचं वाचून मात्र वाईट वाटलं. क्लब तिसऱ्या पायरीवरच्या लीगमधला आहे म्हणून तुझ्याच टीममधली पोरं हसली. एकजण म्हणाला, "एवढा मोठा बायचुंग भुतिया, इंग्लंडला जाऊन सदतीस सामन्यांत तीन गोल. काय दिवे लावले?" तुला उत्तर सुचलं नाही आणि तेव्हापासून तेच डोक्यात घोळतंय, असं लिहिलंयस.

मग आज त्या तीन गोलांबद्दलच लिहितो. मी हा माणूस तरुणपणापासून बघत आलोय. त्याच्याच वयाचे आम्ही कितीतरी जण त्या काळात बॉलमागे धावत होतो. त्याच्याइतका पुढं कुणी गेला नाही. म्हणून मला हा प्रश्न जरा जास्तच लागला.

आधी तो कुठून गेला ते बघ. दक्षिण सिक्कीममधलं तिनकिताम हे त्याचं गाव, आईवडील शेती करणारे. साईची, म्हणजे भारतीय क्रीडा प्राधिकरणाची, शिष्यवृत्ती मिळाली आणि पोरगा गंगटोकच्या शाळेत आला. १९९२ च्या सुब्रतो कप या शालेय स्पर्धेमध्ये सर्वोत्तम खेळाडू ठरला, माजी गोलकीपर भास्कर गांगुलींच्या नजरेत भरला आणि पुढच्या वर्षी, सोळाव्या वर्षी, थेट कोलकात्याच्या ईस्ट बंगाल क्लबच्या जर्सीत. मग पंजाबचा जेसीटी क्लब. १९९६-९७ ची पहिली राष्ट्रीय लीग जेसीटीनं जिंकली, सगळ्यांत जास्त गोल त्याचे. आणि मग १३ जुलै १९९७. फेडरेशन कपची सेमीफायनल, ईस्ट बंगाल विरुद्ध मोहन बागान, सॉल्ट लेक स्टेडियम. कोच अमल दत्तांच्या मोहन बागानच्या 'डायमंड' रचनेचा तेव्हा केवढा गाजावाजा होता. समोर कोच पी. के. बॅनर्जींचं ईस्ट बंगाल. एक लाख तीस हजारांहून जास्त माणूस त्या दिवशी स्टेडियममध्ये होता. ईस्ट बंगालनं ४-१ नं सामना मारला आणि त्यात ईस्ट बंगालकडे परतलेल्या भुतियाची हॅटट्रिक.

पुढच्या वर्षी अर्जुन पुरस्कार. विशी नुकतीच ओलांडलेली, कोलकात्यात रस्त्यानं चालणं मुश्किल. या माणसाला भारतात राहून काय कमी होतं, सांग.

तरी तो ट्रायल देत फिरला. फुलहॅम, वेस्ट ब्रॉमविच अल्बियन, ॲस्टन व्हिला. एकीकडेही जमलं नाही. तीन वेळा नकार पचवल्यावर 'बरी' (Bury) नावाच्या इंग्लिश क्लबनं घेतलं. मँचेस्टरजवळचं बरी हे गाव, तिथल्या गिग लेन मैदानात सगळी मिळून बारा हजारांच्या आसपास माणसं मावतात. लीगचं नाव 'सेकंड डिव्हिजन', पण वर प्रीमियर लीग आणि फर्स्ट डिव्हिजन असल्यामुळे प्रत्यक्षात तिसरी पायरी. तुझ्यासारखीच. सप्टेंबर १९९९ अखेर तो तिकडे गेला आणि युरोपातल्या क्लबशी व्यावसायिक करार करणारा पहिला भारतीय ठरला.

३ ऑक्टोबरला कार्डिफ सिटीविरुद्ध बदली खेळाडू म्हणून उतरला. लीगमधला पहिला गोल कधी झाला माहीत आहे? १५ एप्रिल २०००, चेस्टरफील्डविरुद्ध. मधे साडेसहा महिने गेले. पोरांनी तीनचा आकडा पाठ केलाय, मला तू या साडेसहा महिन्यांचा विचार करायला हवा आहेस. फॉरवर्डला दोन सामने गोल झाला नाही की आपल्याकडे लोक तोंडावर बोलतात, तिसऱ्या सामन्याला तो स्वतःच पास द्यायला लागतो, शॉट घेत नाही. इथं अख्खा हिवाळा गेला. थंडी, चिखल, चार वाजता काळोख, संघात कुणी ओळखीचं नाही, आणि प्रत्येक शनिवारी परत उभं राहायचं. तो उभा राहिला.

आता गोल का होत नव्हते, ते तुला दाखवतो, कारण तुझ्याही बाबतीत नेमकं हेच होणार आहे. आपल्याकडे तू बॉल घेतोस तेव्हा डिफेंडर दोन पावलं मागे असतो. तू बॉल थांबवतोस, मान वर करतोस, मग वळतोस. एवढा वेळ मिळतो म्हणून तुझा टच सुंदर दिसतो. तिथं बॉल हवेतून येत असतानाच तुझ्या पाठीवर ऐंशी-पंच्याऐंशी किलोचा गडी असेल. त्याचा गुडघा तुझ्या मांडीमागे, हात कमरेवर, आणि तोंडानं काहीतरी पुटपुटत असेल. बॉल पायाला लागायच्या आत तो तुला अर्धा फूट पुढं ढकलतो. त्या अर्ध्या फुटात तुझा सुंदर टच नाहीसा होतो, बॉल नडगीवर आदळून समोरच्या मिडफिल्डरला जातो आणि तुझा कोच बेंचवर बसल्या बसल्या मान हलवतो.

याला उपाय आहे, पण ताकदीनं तो होत नाही. भुतियाची उंची पावणेसहा फुटांच्या आतली, त्याला धक्काबुक्की परवडणारी नव्हती. उपाय असा: बॉल निघायच्या आधी, बॉल येताना नव्हे, तू डिफेंडरला स्पर्श करायचा. आधी तू त्याच्यावर रेलायचं. गुडघे वाकवून कंबर खाली, अंग पूर्ण पाठमोरं नको, अर्धं वळलेलं, पुढचा हात मोकळा आणि मागच्या हाताचं कोपर खाली, रेफ्रीला दिसेल असं उचललेलं नको. तो ढकलायला लागला की त्याचंच वजन वापरून वळायचं. आणि मान बॉल यायच्या आधी फिरवायची, दोनदा. मी तुला हे सात-आठ वेळा सांगितलंय आणि तू दर वेळी हो म्हणून पुन्हा पाठमोरा उभा राहिलायस. इथं खपतं. तिथं दुसऱ्याच दिवशी कळेल.

एकटेपणाबद्दल मी फार लिहीत नाही, तो कुणाला चुकला नाही. १९३६ साली कलकत्त्याच्या मोहम्मडन स्पोर्टिंगचा मोहम्मद सलीम स्कॉटलंडला सेल्टिककडे गेला होता. बूट नाहीत, पायाला बँडेज बांधून राखीव संघाकडून दोन सामने खेळला. गोऱ्या प्रेक्षकांनी आणि वर्तमानपत्रांनी डोक्यावर घेतलं. तरी घरची ओढ इतकी की काही महिन्यांत परतला. त्याला नावं ठेवायची माझी हिंमत नाही. पण तुझ्या हातात फोन आहे, आईचा चेहरा रोज दिसेल, त्याला बोटीनं जावं लागलं होतं हे लक्षात ठेव. आणि गुरप्रीत सिंग संधू २०१४ मध्ये नॉर्वेच्या स्टाबेककडे गेला, त्याला पहिला लीग सामना खेळायला २०१६ उजाडावं लागलं. गोलकीपरची जागा एकच असते. तितकी वर्षं रोज सराव करून सामन्याच्या दिवशी बेंचवर बसणं म्हणजे काय, हे बेंचवर बसलेल्यालाच कळतं.

आता गुडघा. भुतियाचा गुडघा पुन्हा पुन्हा दुखावत राहिला आणि बरीतल्या शेवटच्या हंगामात तो जेमतेम तीन सामने खेळू शकला. सदतीस सामने आणि तीन गोल या हिशेबात हा गुडघाही धर. तुझ्या मित्रानं तो धरला नाही.

माझाही गुडघा गेला होता, तुला माहीत आहे. काय असतं ते एकदा नीट सांगतो. ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी फिजिओनं गुंडाळलेला टॉवेल गुडघ्याखाली ठेवला आणि म्हणाला, गुडघ्यानं टॉवेल खाली दाब. एवढंच. मी दाबला, म्हणजे मनानं दाबला. मांडीचा स्नायू हललाच नाही. ज्या पायानं मी चाळीस यार्डांवरून पास टाकत होतो त्या पायाला एक टॉवेल दाबता येईना. घामानं उशी भिजली, पण मांडी जागची हलली नाही. चौथ्या का पाचव्या दिवशी कातडीखाली एक बारीकशी थरथर दिसली. मी रडलो. हे मी तुझ्या आईवडिलांनाही कधी सांगितलं नव्हतं.

हे घाबरवायला लिहीत नाही. तिकडे दुखलं तर लपवायचं नाही, यासाठी लिहितोय. नवीन पोरगा, करार छोटा, जागा जाईल या भीतीनं माणूस सूज लपवून खेळतो. मी तसंच केलं होतं, तीन आठवडे. त्या तीन आठवड्यांनी माझी तीन वर्षं खाल्ली. फिजिओला पहिल्याच दिवशी सांगायचं, कोच रागावला तरी.

भुतियाच्या कहाणीत यापुढचा भाग लोक विसरतात, आणि माझ्या मते तोच सगळ्यांत मोलाचा. २००२ मध्ये तो परत आला. बरी आर्थिक अडचणीत सापडून प्रशासकांच्या ताब्यात गेलेलं. कोलकात्यात मोहन बागानकडून खेळायला लागला तर पुन्हा दुखापत. तेव्हा लोक उघड म्हणायचे, हा संपला. मग २००३ च्या जुलैमध्ये जकार्ता. आसियान क्लब चॅम्पियनशिप, आग्नेय आशियातल्या क्लबांची स्पर्धा. तो आता पुन्हा ईस्ट बंगालकडे होता. ईस्ट बंगालनं फायनलमध्ये थायलंडच्या बीईसी तेरो सासनाला ३-१ नं हरवून कप आणला. अख्ख्या स्पर्धेत सर्वाधिक नऊ गोल भुतियाचे, फायनलमध्येही एक. परदेशी मैदान, बाहेरच्या देशांचे बलदंड क्लब, आणि आपला फॉरवर्ड पाठीवर माणूस घेऊन सहज वळतोय. मी तेव्हा कोचिंग नुकतंच सुरू केलं होतं. त्याचं उभं राहणं वेगळं झालं होतं, बॉल यायच्या आधी त्याचं अंग डिफेंडरला लागलेलं असायचं. ते बरीच्या चिखलातून आलं, असं मी मानतो. कुणी मला पुरावा मागितला तर माझ्याकडे फक्त माझे डोळे आहेत.

त्यानंतर मलेशियात पेराककडून खेळला, २००५ मध्ये पुन्हा मलेशियातच सेलांगोर एमके लँडकडून. म्हणजे एकदा पोळला म्हणून घरात बसला नाही. भारताचा कर्णधार म्हणून २००७ आणि २००९ चा नेहरू कप, २००८ चा एएफसी चॅलेंज कप. या चॅलेंज कपमुळे भारत सत्तावीस वर्षांनी आशिया कपला पोचला, २०११, कतार.

आणि एक गोष्ट त्यानं केली जिचा फायदा उद्या तुला होऊ शकतो. इंग्लंडमध्ये व्यावसायिक खेळाडूंची संघटना १९०७ पासून आहे. पगार थकला, क्लब बुडाला, करार मोडला तर खेळाडू एकटा पडत नाही. आपल्याकडे असं काही नव्हतं. २००६ मध्ये भारतीय फुटबॉलपटूंची संघटना उभी राहिली, त्यात भुतिया पुढं होता. क्लब डबघाईला येताना आतून बघितलेला माणूस होता तो. अशी माहिती गोलांच्या तक्त्यात येत नाही.

तेव्हा आता कागदांकडे येऊ. इथं मी कठोर होणार आहे.

मी बावीस वर्षांचा असताना आग्नेय आशियातल्या एका शहरात ट्रायलला गेलो होतो. मध्यस्थानं घरून पैसे घेतले होते, ट्रायल 'पक्की' करायला म्हणून. वडिलांनी ते कसे उभे केले ते मला नंतर कळलं. क्लबच्या दारात पोचलो तर तिथल्या माणसानं माझं नाव यादीत शोधलं, वरून खाली, मग खालून वर. नव्हतंच. त्याची काही चूक नव्हती, बिचाऱ्यानं मला पाणी दिलं, सावलीत बसवलं. दुसऱ्या दिवशी त्यांच्या कोचला दया आली म्हणून वीस मिनिटं खेळू दिलं. मी परत आलो. मध्यस्थ पुन्हा भेटला नाही.

म्हणून पहिली गोष्ट: ट्रायलसाठी कुणाला एक पैसाही द्यायचा नाही. क्लबला तू हवा असशील तर क्लब पत्र पाठवतो, क्लबच्या पत्त्यावरून, आणि त्या पत्रावरचा फोन लावल्यावर क्लबमध्येच वाजतो. एजंटकडे फिफाचा परवाना आहे का ते फिफाच्या यादीत आपण स्वतः बघू, त्यानं दाखवलेल्या फोटोवर जायचं नाही.

दुसरं, करार. लागू झाला की तो लागू झाला. 'मेडिकल पास झाला तर' किंवा 'कामाचा परवाना मिळाला तर करार वैध' अशी अट फिफाच्या नियमांत चालत नाही. क्लबनं तपासणी आणि परवान्याची चौकशी सही करण्याआधी करायची असते. तुझ्या कागदात असं वाक्य आहे का, ते मला बघायचंय. पगार दोन महिने थकला तर क्लबला लेखी कळवून पंधरा दिवसांची मुदत द्यायची, तरीही दिला नाही तर योग्य कारणावरून करार मोडता येतो. नवा पोरगा हे तोंडी मागत बसतो आणि सहा महिने निघून जातात. पहिल्या दिवसापासून सगळं लेखी.

तिसरं, तुझा आताचा क्लब. आंतरराष्ट्रीय ट्रान्स्फर सर्टिफिकेटशिवाय तू तिकडे एकही अधिकृत सामना खेळू शकत नाहीस, आणि ते दोन देशांच्या फेडरेशनमधून येतं, तुझ्या खिशातून नाही. शिवाय तू पहिल्यांदा व्यावसायिक करार करशील तेव्हा तुला बारा वर्षांपासून घडवणाऱ्या क्लबांना प्रशिक्षण भरपाई मागता येते. बाहेरच्या क्लबला हा आकडा शेवटच्या दिवशी कळला तर तो हात झटकतो. आपण आधी विचारून ठेवू. सेक्रेटरींशी मी बोलतो, तू बोलू नकोस, तुझा आवाज चढतो.

आणि क्लबच्या नावावर भाळू नकोस, नावाला हसूही नकोस. ज्या बरीनं भुतियाला घेतलं, तो १८८५ साली स्थापन झालेला आणि एफए कप दोनदा जिंकलेला क्लब. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पैशांच्या घोळामुळे त्याला इंग्लिश फुटबॉल लीगमधून काढून टाकलं. गिग लेनला कुलूप लागलं. ती बातमी वाचून मला स्वतःचं काहीतरी गेल्यासारखं वाटलं. सव्वाशे वर्षांहून जुना क्लब असा जाऊ शकतो, तर तुझा पगार क्लबच्या वयावर ठरत नाही. गेल्या दोन हंगामांत त्यांनी खेळाडूंचे पैसे वेळेवर दिले का, हे तिथं खेळून गेलेल्या माणसाला विचारायचं. मी दोघांना निरोप पाठवलेत.

शेवट कसा झाला तेही सांगतो, कारण तू त्याबद्दल विचारलंस. कतारमधल्या त्या आशिया कपसाठी तो पोटरी दुखावलेली घेऊन गेला. सत्तावीस वर्षांनी देश तिथं पोचला आणि कर्णधार बेंचवर. दक्षिण कोरियाविरुद्ध शेवटची काही मिनिटं खेळला, तेवढंच. त्याच ऑगस्टमध्ये आंतरराष्ट्रीय फुटबॉल सोडल्याचं जाहीर केलं. १० जानेवारी २०१२ ला दिल्लीत बायर्न म्युनिकविरुद्ध निरोपाचा सामना झाला, भारत ०-४ नं हरला. मी टीव्हीसमोर उभा राहून बघितला, बसवेना.

पण तोपर्यंत त्याच्या नावाच्या फुटबॉल शाळा सुरू झाल्या होत्या, सिक्कीममध्ये नामचीला त्याच्या नावाचं स्टेडियम आहे. २०२२ मध्ये भारतीय फुटबॉल फेडरेशनच्या अध्यक्षपदाला उभा राहिला, ३३ विरुद्ध १ मतानं पडला. इतकं मोठं नाव आणि एक मत. तेव्हाही लोक हसले, तुझ्या मित्रासारखेच. मला मात्र तो तीन ट्रायलमध्ये नकार मिळूनही चौथीकडे गेलेला पोरगा आठवला.

तुझ्या मित्राशी भांडू नकोस. पुन्हा विचारलं तर १५ एप्रिलची तारीख सांग, जकार्ता सांग, गुडघा सांग. त्यालाही कधी तरी लागेल.

रविवारी सकाळी साडेसहाला मैदानावर ये. कराराची सगळी पानं आण, मागची बारीक अक्षरांची सुद्धा, आणि वडिलांना बरोबर घेऊन ये. लांब स्टडचे बूट आण. दोन दिवस पाऊस झालाय, मैदान जड आहे, मला तसंच हवं आहे. सिनिअर टीममधल्या सगळ्यांत दांडग्या डिफेंडरला मी बोलावलंय. तासभर तो तुझ्या पाठीवर उभा राहील आणि मी लांबून बॉल टाकीन. कागद त्यानंतर वाचू.

तुझा,
सर